अकरा नंबरची झोळी

या विश्वात अशी काही स्पंदनं आहेत, जी मर्त्य कानांना ऐकू येत नाहीत.

हे वाक्य माझं नाही, आमच्या शिबिरप्रमुखांचं आहे. वस्त्रदान सोहळ्यात त्यांनी ते डोळे मिटून माइकसमोर म्हटलं, आणि त्या वेळी माइक बंद होता. मी पहिल्या रांगेत होते म्हणून मला कळलं. मागच्या रांगांना ते खरोखरच ऐकू आलं नाही.

मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणारी बाई नाही, हे आधीच सांगते. सव्वीस वर्षं ग्रंथालय सांभाळलंय. भुताखेतांची पुस्तकं कुठल्या कपाटात आहेत ते मला पाठ आहे आणि ती नेऊन परत कोण करत नाही तेही. संध्याकाळी एकटी असताना कपाटातून खुडबुड ऐकली आहे, आणि दर वेळी तो उंदीरच निघालाय. त्यामुळे वाचकांच्या अतर्क्य अनुभवांच्या या सदरात लिहायची पाळी माझ्यावर येईल असं वाटलं नव्हतं... पण आली. आणि खरं सांगू? लिहिताना मला भलतीच मजा येतेय.

तर ठिकाण भिवंडी, कामतघर. आमचं ग्रंथालय दोन खोल्यांचं. मागे छोटं आवार, त्यात एक कडुनिंब आणि एक लोखंडी खांब. तिन्ही बाजूंना लूम, म्हणजे यंत्रमाग. खटाक्-खट, खटाक्-खट, दिवसपाळी आणि रात्रपाळी. आम्हा लोकांना तो आवाज ऐकू येत नाही. बंद पडला की मात्र लगेच ऐकू येतो! लाइट गेली की पाळण्यातली पोरं दचकून उठतात आणि म्हातारे झोपेत विचारतात, "काय झालं?"

याच आवाजात वाढलेली निकिता. चौदा वर्षांची, खो-खोत वाऱ्यासारखी पळणारी, आणि तोंडानंही तशीच. तिची आई मंदाताई घरी शिलाई करते, वडील रिक्षा चालवतात. नाशिकच्या एका निवासी क्रीडाशाळेनं निकिताला निवडलं होतं. जूनपासून होस्टेल. अडचण एकच होती, आणि ती सगळ्या चाळीला माहीत होती.

त्याच्या आदल्या वर्षी ती युवा मंडळाच्या शिबिराला गेली होती, शहापूरच्या पुढे, डोंगराच्या कुशीत. बरोबर कामतघरच्याच आणखी तीन मुली. तिथे रात्री इतकी शांतता होती की चौघींना वाटलं, लाइट गेली. त्या लाइट यायची वाट बघत बसल्या. पहाटेपर्यंत! तिथे मुळात विजेचा खांबच नाही, हे त्यांच्या डोक्यात आलं नाही, आणि मला विचाराल तर आमच्यापैकी कुणाच्याच आलं नसतं. पहाटे एकीनं रडायला सुरुवात केली, मग चौघींनी. सकाळी त्यांची रवानगी घरी झाली. चाळीत आठवडाभर निकिताला हाक मारली की पोरं म्हणायची, "आली गं, लाइट आली!"

पुढच्या वर्षी बाकी तिघींनी नावच दिलं नाही. निकिताच्या वडिलांनी मात्र स्वच्छ सांगितलं, "पाच दिवस भाईर राहून दाखव. मग होस्टेलच्या फॉर्मवर सही. परत आलीस तर इथंच शाळा, इथंच घर. नाशकावरून मला रातच्याला फोन नको." माणूस वाईट नाही. त्याला खरंच फोनची भीती होती.

त्या वर्षी मंडळाकडे तंबू कमी पडत होते, म्हणून ठरलं की मुलांनी स्वतः हॅमॉक शिवायचे. कापड दानातून मिळवायचं, कारण भिवंडीत दुसरं काही नसलं तरी कापड असतं. दोन सभागृहांचे जुने मखमली पडदे आले, सोफ्याचं कापड आलं, ताडपत्रीचे तुकडे आले. एका शेठनं आपली शेड बंद केली होती. त्यांनी लूमवरून उतरवलेला शेवटचा तुकडा दिला. जाड, कोरा, सुती, सव्वातीन मीटर. तो लाल रिबिनीत बांधून आणला होता. मग भाषणं झाली. सोहळ्यात आलेल्या कापडापेक्षा सत्काराच्या शाली जास्त होत्या, आणि त्यांचा हॅमॉक होत नाही.

शिवणकाम ग्रंथालयात चालायचं, मंदाताईच्या देखरेखीखाली. खानविलकर सर, म्हणजे शिबिरप्रमुख, ठाण्याहून पाहणीला आले तेव्हा त्यांनी हॅमॉक या शब्दाचा इतिहास सांगितला. मंदाताई दात आवळून ऐकत होती. शेवटी म्हणाली, "सर, ह्याला आमच्यात झोळी म्हनतात. माझी दोन पोरं ह्याच्यात वाढली. इतिहास न्हाय लागला."

काम तसं सोपं. दोन्ही टोकांना कापड चार बोटं दुमडायचं, तीन उभ्या शिवणी घालायच्या, आणि झालेल्या नळीतून दोर ओवायचा. पण शेठच्या तुकड्यानं मंदाताईच्या मशीनच्या तीन सुया मोडल्या. मग अठरा नंबरची जाड सुई आणली. तो तुकडा निकितानं स्वतः शिवला.

"हा माझा. हा फाटणारच न्हाय," ती म्हणाली.

"फाटंल कशाला? तू चार तास पन त्यात ऱ्हाशील तर शपथ," आई म्हणाली.

"आई, पाच दिवस!"

"बघू. आधी पाच मिन्टं तोंड बंद ठेवून दाव."

आता ऐका. शुक्रवार होता, लूमना सुट्टी. त्यात दुरुस्तीसाठी सकाळपासून वीजही बंद. दुपारचे तीन. कामतघरात इतकी शांतता की निंबोळी पडलेली ऐकू यावी. आम्ही निकिताची झोळी कडुनिंब आणि खांब यांच्यामध्ये बांधली. चाचणीला आमच्यातली सगळ्यात वजनदार व्यक्ती लागत होती, म्हणून एकमतानं माझी निवड झाली. माझ्या आयुष्यातली ती एकमेव बिनविरोध निवड.

मी पडले. दोर करकरले, पण टिकले. आणि मी म्हणाले, "अगं, वीज आली वाटतं."

"न्हाय बाई," मंदाताई म्हणाली.

"मग लूम कुणाचा चालू आहे?"

दोघी माझ्याकडे बघायला लागल्या. मी उठून बसले आणि पाय जमिनीला टेकवले. शांतता. परत आडवी झाले... खटाक्-खट, खटाक्-खट. लांबून आल्यासारखा नाही, भिंतीपलीकडून यावा तसा स्पष्ट! परत उठले. काही नाही. परत पडले. मी हे सात-आठ वेळा केलं असेल. पन्नाशी उलटलेली बाई झोळीत उठतेय-पडतेय, हे दृश्य शेजारच्या गच्चीवरून दोघांनी पाहिलं आणि त्याची चर्चा अजून चालू आहे.

मी काहीच न सांगता मंदाताईला म्हटलं, "तू पड." ती पडली, आणि ताडकन उठली.

"आगं बाय! ह्याच्यात लूम हाय!"

निकिता तर उतरायलाच तयार होईना. डोळे मिटून हसत होती. आणि मला... मला आनंदानं घाम फुटला होता. भीती? छे! सव्वीस वर्षं लोकांच्या गोष्टी रजिस्टरवर चढवल्या, आता स्वतःची एक मिळाली होती. पण मिळाली म्हणून सोडणार नव्हते. चिरफाड सुरू केली.

खांबातून कंप येत असेल म्हणून झोळी दोन झाडांना बांधली, रस्त्यापलीकडच्या मैदानात. आवाज तोच. त्याच दोरांवर पडद्याची झोळी बांधली. काही नाही. रिकाम्या झोळीला कान लावला. काही नाही. आत पाण्याचे दोन भरलेले हंडे ठेवून कान लावला, तरी नाही. माणूस पूर्ण आडवा झाला, पाय उचलले, की आवाज. मोबाइलवर रेकॉर्ड केलं, त्यात फक्त माझा श्वास आणि मंदाताईचं "आला का? आला का?" कानातच रक्त घुमत असेल म्हणून नाडी मोजली. नाडी ब्याण्णव, आवाज त्याहून कितीतरी जलद. नाडी ब्याण्णव का होती ते वेगळं सांगायला नको.

मग मला अन्वरचाचा आठवले. चाळीस वर्षं लूम चालवून निवृत्त झालेले. कान बहुतेक गेलेले, त्यांच्याशी बोलायचं म्हणजे गल्लीला ऐकवायचं. निजामपुऱ्यातून रोज संध्याकाळी उर्दू वर्तमानपत्र वाचायला आमच्याकडे येतात. त्या दिवशीही आले. मी त्यांना काही सांगितलं नाही, मंदाताई आणि निकितालाही दम दिला. फक्त ओरडून म्हटलं, "चाचा, जरा लेटके देखो, वजन उठाती है क्या!"

त्यांनी कानातलं मशीन काढून खिशात ठेवलं, टोपी सावरली आणि आडवे झाले. दोन सेकंद गेले असतील. ते पडल्या पडल्या ओरडले,

"अरे बंद करो बे! जुम्मे को किसने चालू किया?"

चाचांनी हात वर केला, म्हणजे गप्प बसा. आम्ही गप्पच होतो. मग त्यांचं बोट हवेत ठोके मोजायला लागलं. आठ ठोके... थांबलं. आठ ठोके... थांबलं.

"ये तो मेरा है," ते म्हणाले. "ग्यारह नंबर. हर नौवीं मार पे साँस लेता है. लंगडा था साला. कितना ठीक किया मैंने, रबर बाँधा, चमड़ा बाँधा... मालिक बोला, रहने दे चाचा, चल तो रहा है."

ते म्हणाले ते आम्हाला आधी जाणवलं नव्हतं. परत पडून ऐकलं. खरंच! आठ ठोके नीट, नववा जरा रेंगाळून. लूमवर काम करणारा माणूस आपला लूम आवाजावरून ओळखतो, हे इथे कुणालाही नवीन नाही. शंभर लूमच्या शेडमध्ये चहा पिता पिता माणूस उठतो, कारण त्याच्या लूमचा ठोका बदललेला असतो. पण लूम समोर असतो तेव्हा. चाचा कापड देणाऱ्या त्याच शेठच्या शेडमध्ये होते, आणि हा अकरा नंबर शेठनं शेड बंद केली तेव्हाच भंगारात गेला होता. गॅस कटरनं कापताना चाचा तिथे उभे होते.

माझ्याकडे जुन्या हस्तलिखितांसाठी एक भिंग आहे. कापडावर धरलं. आडवे धागे मोजले. आठ धागे घट्ट, नववा सैल. पुन्हा आठ घट्ट, नववा सैल. या टोकापासून त्या टोकापर्यंत! ठीक आहे, कापडाला लूमची खोड लागते, ते समजू शकतं. पण नंबर? चाचा म्हणाले, "कोने में लिखा होगा. हम लोग हर पीस पे लूम का नंबर डालते हैं." कोपऱ्यावर काही नव्हतं. कोपरा शिवणीत दुमडला गेला होता. निकितानं दातओठ खात स्वतःची तीनपदरी शिवण उसवली. आत निळ्या पेन्सिलीनं लिहिलेलं होतं: ११.

मंदाताईनं हात जोडले. मी नाही जोडले. पण जोडायला हरकत नव्हती, असं वाटलं खरं.

चाचा अर्धा तास झोळीतून उठले नाहीत. मशीन खिशातच. उठल्यावर एवढंच म्हणाले, "कितने साल बाद साफ सुना." आणि वर्तमानपत्र न वाचता घरी गेले.

नाताळच्या सुट्टीत शिबिर. मुलींबरोबर बाई हव्यात म्हणून मीही गेले, आणि खरं कारण तुम्ही ओळखलंच असेल. चोवीस मुलं, ऐनाच्या झाडांना टांगलेल्या चोवीस झोळ्या, सरांची पंचविसावी आणि माझी सव्विसावी. सरांनी स्वतःसाठी सभागृहाचा मरून मखमली पडदा ठेवून घेतला होता. सोनेरी झालरीसकट. झोळीत बसले की ते नाटक सुरू होण्याआधीच रंगमंचावर अडकल्यासारखे दिसत.

पहिल्याच दुपारी 'मौन-विश्रांती'. एक तास झोळीत पडायचं, बोलायचं नाही, उतरायचं नाही. सर म्हणाले, "गेल्या वर्षीचा अनुभव लक्षात घेता, ज्यांना निसर्गाची शांतता पेलवत नाही, त्यांना आजच संध्याकाळच्या जीपनं परत पाठवलं जाईल." निकिताकडे बघून म्हणाले. सगळ्यांनी मग निकिताकडे पाहिलं.

ती बेफिकीर होती. तिच्याकडे अकरा नंबर होता.

आणि तेवढ्यात सरांच्या झोळीची शिवण उसवायला लागली. मखमल ती, तिला माणसाची सवय नसते. सरांनी सगळ्या झोळ्यांवर नजर फिरवली आणि निकिताच्या झोळीपाशी थांबले.

"ही मजबूत दिसते. नेतृत्वानं साहित्याची चाचणी स्वतः घ्यावी. तू हलकी आहेस बाळ, तू माझ्यात झोप."

निकितानं माझ्याकडे पाहिलं. मी तोंड उघडलं, आणि सरांनी शिट्टी वाजवली. मौन सुरू. शिट्टीनंतर बोलेल त्याला जीप, हा नियम मलाही होता की नाही ते माहीत नव्हतं. पण मी गप्प बसले. त्याची मला अजून लाज वाटते.

शांतता म्हणजे अशी की कानात दडे बसावेत. दहा मिनिटं गेली. मला निकिता समोर दिसत होती. मरून मखमलीत, डोळे टक्क उघडे. पंधरा मिनिटं. तिचा पाय हलायला लागला. मग ती कुशीवर वळली, परत वळली, झालर मुठीत धरली. नाशिक त्या झालरीला लटकलेलं होतं. वीस मिनिटं. ती उठून बसली. एक पाय बाहेर काढला...

"मशीन बंद करा! कोण आहे रे तिकडे? मूर्खांनो, मौन चाललंय!"

सर झोळीतून उडी मारून उभे होते. चोवीस डोकी वर आली. जंगलात ठकठक करणारा तांबट पक्षीसुद्धा बोलत नव्हता.

"कसलं मशीन, सर?" कुणीतरी विचारलं.

सरांनी चारी दिशांना पाहिलं. चेहरा घामानं डबडबलेला. मी झोळीतून उतरले (जीप गेली खड्ड्यात!) आणि त्यांच्याजवळ गेले. हळूच म्हटलं, "सर, कसा होता आवाज? वाजवून दाखवा ना." मी त्यांना कधीही काहीही सांगितलेलं नव्हतं, मंदाताईनं नाही, निकितानं नाही. विचारून खात्री केली आहे. सरांनी शेजारच्या टेबलावर बोटांनी ठोके दिले. आठ ठोके... आणि थांबले. आठ ठोके... आणि थांबले.

माझ्या अंगावर आलेला काटा मी लपवला नाही. लिहितानाही आलाय, बघा!

"जनरेटर असेल कुणाचा तरी," सर म्हणाले. मग त्यांच्या लक्षात आलं की मौन कुणी मोडलंय. त्यांनी घसा साफ केला. "मौन... तांत्रिक कारणास्तव शिथिल करण्यात येत आहे."

निकिता तोवर खाली उतरली होती. अदबीनं म्हणाली, "सर, झालं ना टेस्टिंग? मग ती माझी झोळी हाय."

सरांनी वाट दिली. ती आत शिरली, कापडाची कड अंगावर ओढली, आणि मी घड्याळ बघितलं, चार मिनिटांत घोरायला लागली. संध्याकाळी जीप रिकामी गेली. निकिता पाच दिवस राहिली. घरी आली तेव्हा वडिलांनी फॉर्म आधीच काढून ठेवला होता. सही करताना म्हणाले, "एकदा पन फोन न्हाय आला. मीच दोनदा लावला, तर म्हनं झोपलीय."

भौतिकशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या एका मित्राला सगळं लिहून पाठवलं. त्यानं दोन पानी उत्तर दिलं. त्यात अनुनाद होता, हाडांतून कानापर्यंत पोचणारा ध्वनी होता, सूचनेचा मनावर होणारा परिणाम होता, आणि शेवटी "प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय सांगता येणार नाही". मग तो प्रत्यक्ष आला. झोळीत पडला. उठला. चहा घेतला. जाताना म्हणाला, "ते पत्र फाडून टाक." बाकीच्या शंका तुम्ही काढालच, त्या मीही काढल्यात. आठ आणि नववा ठोका चाचांनी मोजला, सरांनी मोजला, दोघांची कधी भेट नाही. मला आजही याचं स्पष्टीकरण माहीत नाही. कुणाकडे असेल तर कळवा, पण कृपा करून स्पंदनं हा शब्द वापरू नका.

निकिता जूनपासून नाशिकला आहे. झोळी घेऊन गेली, पण होस्टेलच्या भिंतीला खिळा ठोकायला परवानगी नाही, त्यामुळे ती तीत मळके कपडे बांधून ठेवते. गेल्या आठवड्यात फोनवर विचारलं, "झोप लागते का गं?" म्हणाली, एकदम मस्त. खोलीच्या मागच्या भिंतीला लागून पिठाची गिरणी आहे.